कानव्याची पेज

बदरुद्दीन सासूला आणायला म्हणून नायजेरियाला गेला आणि तिकडेच अडकला. २००३ चा मार्च महिना होता. कुवेतच्या उत्तर सरहद्दीवर रणगाडे जाऊन उभे राहिले होते, युद्ध आज लागतं की उद्या एवढंच ठरायचं होतं, आणि ज्या विमानाने जावई आणि सासू यायचे होते त्या कंपनीने कुवेतला येणंच बंद केलं. इकडे सबाह अल-सालेममधल्या फ्लॅटमध्ये त्याची बायको जमिला एकटी होती. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, आणि सोळा तारखेला सकाळीच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिने समोरचं दार वाजवलं.

दार विशाखाने उघडलं. विशाखा निफाडकडची, चाळिशी ओलांडलेली. तिचा नवरा जयप्रकाश शुऐबाच्या बाजूला एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनीअर होता. मुलगी स्वरा तेरा वर्षांची. समोरचं हे तरुण जोडपं दीड वर्षापूर्वी कानो शहरातून आलं होतं. बदरुद्दीन शुवैख बंदरावर एका जहाज कंपनीत कंटेनर तपासायच्या कामावर होता. दोन्ही घरांत ईदला आणि दिवाळीला एकेक ताट इकडून तिकडे जायचं, लिफ्टमध्ये मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन शब्द आणि हसणं व्हायचं. ओळख म्हणावी तर तेवढीच.

पण त्या सकाळी जमिलाने दाराची चौकट धरून "आंटी" एवढंच म्हटलं, आणि विशाखाने गॅस बंद करून पर्स उचलली.

संध्याकाळी मुलगी झाली. लहानखुरी, पण रडणं खणखणीत. दोन दिवसांनी घरी सोडताना मल्याळी नर्सने विशाखालाच घरातलं मोठं माणूस समजून हिंदीत बजावलं, "बीपी थोडा ज्यादा है. नमक कम देना. कुछ भी लगे तो तुरंत लाना."

विशाखाने मान डोलावली. नायजेरियाहून येणारी बाळंतिणीची आई आता कधी येईल याचा नेम नव्हता. म्हणजे हे सगळं आपल्याच अंगावर आलं, हे तिला तिथे कॉरिडॉरमध्येच कळलं.

घरी आल्यावर जमिलाने पलंगाखालून कापडी पिशवी ओढून काढली. तिच्या आईने फेब्रुवारीतच कुणा ओळखीच्या माणसाबरोबर बाळंतपणाचं सामान पाठवून ठेवलं होतं. विशाखाने ते एकेक करून स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलं. एका डब्यात काळ्या रंगाचे, लिंबाएवढे गोळे होते. झाकण उघडल्याबरोबर असा वास सुटला की स्वरा नाक धरून बाहेर पळाली.

"दादावा," जमिला आतून म्हणाली. झाडाच्या बिया शिजवून, आंबवून केलेले गोळे. कालवणात घातले की चव येते.

विशाखाने पुन्हा वास घेतला. वास उग्र होता, पण परका नव्हता. तिची जाऊ मालवणची होती. तिच्या घरी सुकटीचा डबा उघडला की माजघर असंच भरून जायचं. दुसऱ्या पुडीत हिरवट पूड होती. ती कुका, एका मोठ्या झाडाच्या पानांची. जमिलाने झाडाचं वर्णन केलं, हत्तीच्या पायासारखा बुंधा, पांढरी लोंबती फुलं, आणि विशाखाच्या लक्षात आलं की ही गोरखचिंच. तिच्या शाळेच्या मागे एक होती. तिची पानं कुणी खातं हे मात्र तिला आजवर माहीत नव्हतं.

तिसऱ्या पुडीत दगड होता. करडा, मध्येच पांढऱ्या शिरा असलेला, मुठीएवढा खडा.

"हा कानवा," जमिला म्हणाली. "हा सगळ्यात महत्त्वाचा. याची पेज बाळंतिणीला चाळीस दिवस देतात. याच्याशिवाय दूध येत नाही."

दगड खायला घालायचा म्हटल्यावर विशाखा बिचकली. तिने तो उलटसुलट करून पाहिला, शेवटी जिभेचं टोक लावलं. खारट, मागून कडवट, आणि जीभ चरचरली. तिला हसूच आलं.

"अगं, हा तर पापडखार!"

निफाडला उन्हाळ्यात उडदाचे पापड लाटायचे तेव्हा पिठात हाच खार पडायचा. भीती गेली. पेज कशाची म्हणून विचारलं तर जमिलाने सांगितलेलं धान्यही बाजरीच निघालं. निफाडलाही बाळंतिणीला बाजरीच द्यायचे. विशाखाला एकाएकी वाटलं, हे आपल्याला जमेल.

तिने बाजरी रात्रभर भिजवली. सकाळी आलं, लवंग, मिरी घालून मिक्सरवर वाटली, गाळली, आणि चोथा टाकून खाली बसलेल्या गाळाचे दोन भाग केले. एका भागावर उकळतं पाणी ओतून तो शिजवायचा, मग कच्चा भाग त्यात घालून घोटायचा. जमिला उशीला टेकून आतून सांगत होती आणि विशाखा करत होती. खडा फोडून पाण्यात विरघळवला आणि ते पाणी पेजेत घातलं. पेजेचा रंग पालटला.

जमिलाने घोट घेतला. "छान आहे. पण माझ्या आईची याहून तपकिरी असते."

दुसऱ्या दिवशी विशाखाने खडा जास्त फोडला. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. त्या दिवशी जमिला वाडगा रिकामा करून म्हणाली, "आता बरोबर आईसारखी झाली, आंटी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. विशाखाला इतकं बरं वाटलं की तिने दिवसातून दोनदाची पेज तीनदा केली.

मध्येच, वीस तारखेला, युद्ध लागलं.

दुपारी हल्ल्याच्या इशाऱ्याचा पहिला भोंगा वाजला तेव्हा विशाखा भाकरी थापत होती. आवाज भिंतींतून आल्यासारखा आला. आठवडाभर आधी विषारी वायूच्या भीतीने जयप्रकाशने झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक लावून कडा टेपने बंद केल्या होत्या. पाण्याचे कॅन, टॉर्च, रेडिओ, ओले टॉवेल, सगळं आत होतं. तिने पिठाच्या हातांनीच समोरच्या फ्लॅटमधून जमिलाला आणि बाळाला ओढत आणलं, स्वराला आत ढकललं आणि दाराच्या फटीला टॉवेल लावला. चौघी पलंगावर बसल्या. बाळ झोपलेलं होतं. त्याच्या नाकाशी विशाखा दर मिनिटाला बोट नेऊन पाहत होती.

त्या दिवसापासून जमिला इकडेच राहिली. भोंगे वाजत, थांबत, पुन्हा वाजत. जयप्रकाश बारा-बारा तासांची ड्यूटी करून यायचा, आल्या आल्या विमान कंपनीला फोन लावायचा. अर्धी बिल्डिंग गावाला निघून गेली होती. विशाखा आणि स्वराची तिकिटं मुंबईची होती, पण सीट मिळत नव्हती.

"सीट मिळाली की निघायचं," तो म्हणायचा. "लगेच."

विशाखा हो म्हणायची. मग आत जाऊन जमिला झोपली आहे का बघायची. हिला सोडून जायचं म्हणजे कुणाकडे सोडून जायचं? ते तिने नवऱ्याला विचारलं नाही.

इस्पितळातून आल्याच्या नवव्या दिवशी सकाळी ती जमिलाच्या पायांना तेल लावायला बसली आणि तिचा हात थबकला. घोटे दिसतच नव्हते. पोटऱ्या तुकतुकीत, ताणलेल्या. तिने नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"कधीपासून आहे हे?"

"दोन-तीन दिवस. बाळंतिणीचे पाय सुजतातच ना?"

"आणि झोप लागते?"

जमिलाने पाठीमागची उशी सारखी केली. "आडवं झालं की दम लागतो. म्हणून मी बसूनच झोपते."

आता विशाखाला दिसलं की तिच्या पाठीमागे तीन उशा आहेत. काल दोन होत्या. बोलताना ती वाक्याच्या मध्ये श्वास घेत होती. हे आपण पाहत होतो आणि आपल्याला दिसत नव्हतं.

ती उठून स्वयंपाकघरात आली. नर्सने मीठ कमी सांगितलं होतं. आपण कालवणात मीठ जवळजवळ घातलंच नाही, भाकरीत नाही, भाजीत चिमूटभर. मग हे कशाने? ओट्यावर मिक्सरचं भांडं होतं, शेजारी बत्ता, आणि बत्त्याजवळ कानव्याचा खडा. मुठीएवढा होता तो आता सुपारीएवढा राहिला होता.

ती त्या खड्याकडे बघत उभी राहिली. पापडखार. खार म्हणजे खारच. पापडात तो चमचाभर पडतो आणि एक पापड माणूस जेवणाबरोबर खातो. आणि आपण वाडगाभर पेज दिवसातून तीनदा पाजली, रंग यावा म्हणून. आठ दिवसांत ती सगळी मूठ तिच्या पोटात गेली. 

"स्वरा! टॅक्सीला फोन कर. आत्ता."

स्वराने नंबर फिरवला आणि त्याच क्षणी भोंगा सुरू झाला.

सगळ्या पुन्हा त्या खोलीत गेल्या. दार लागलं, टॉवेल लागला. खोलीत हवा कोंदट होती. जमिला पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती आणि तिच्या श्वासातून बारीक घरघर येत होती. विशाखा तिची पाठ चोळत होती. चोळून काही होणार नव्हतं हे तिला कळत होतं. रेडिओवर अरबीत काहीतरी चाललं होतं. स्वराने बाळाला छातीशी धरलं होतं.

"आई, इज शी गोइंग टू डाय?" तिने अगदी हळू विचारलं.

"गप्प बस."

"बट आई..."

"गप्प बस म्हटलं ना!"

विशाखा स्वरावर असं ओरडत नसे. स्वराने बाळाच्या दुपट्यात तोंड लपवलं. जमिलाने डोळे मिटलेलेच ठेवून हात पुढे केला आणि विशाखाचं मनगट पकडलं. तिचा हात थंड, ओलसर होता. घड्याळात वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत विशाखाने देवाला काय काय कबूल केलं ते तिने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. एकदा वाटलं दार उघडावं, पडलं तर पडू दे क्षेपणास्त्र, हिला घेऊन जिना उतरावा. पण दुसऱ्या हाताशी आपलीच मुलगी बसलेली होती.

धोका टळल्याचा भोंगा झाला. टॅक्सीवाला पाकिस्तानी होता. रस्त्यात भोंगा झाला तसा तो त्यांच्याच बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये आसऱ्याला शिरला होता, म्हणून लगेच मिळाला. निघताना विशाखाने उरलेला खडा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला.

इस्पितळात डॉक्टरीणबाई इजिप्तच्या होत्या, पन्नाशीच्या, रात्रभर जागलेल्या दिसत होत्या. त्यांनी जमिलाची छाती तपासली, मानेच्या शिरा पाहिल्या, नर्सला भराभर इंजेक्शन सांगितलं, ऑक्सिजन लावला. मग विशाखाकडे वळल्या.

"तुम्ही कोण?"

"शेजारीण."

"काय खायला देत होता तिला?"

विशाखाने पर्स उघडली. गाठ सुटेना, तिने दातांनी सोडवली. रुमालातला खडा तिने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि तिला जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात सगळं सांगितलं. किती घातला, किती वेळा घातला, आणि रोज वाढवत नेला तेही. 

डॉक्टरांनी खडा उचलून पाहिला. "हे बंद," त्या म्हणाल्या. "आजपासून हे नाही, मीठ नाही. तिच्या हृदयाला बाळंतपणाचा ताण झेपलेला नाही. अंगात पाणी साठलंय. त्यात हा खार म्हणजे आणखी भर."

"माझ्यामुळे झालं?"

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "आधी तिला बरं होऊ दे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि बाहेर कुणीतरी हाक मारली तशा निघून गेल्या.

त्या रात्रीपासून बाळ आईवाचून विशाखाच्या घरी राहिलं. डब्याचं दूध पाजायचं काम स्वराने घेतलं. दुसऱ्या दिवशी जमिलाच्या पायांची सूज थोडी उतरली, श्वास मोकळा झाला, पण नवं दुखणं उभं राहिलं. ती खाईना. इस्पितळातलं अळणी उकडलेलं तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. कानव्याची पेज बंद म्हणजे आपलं दूध कायमचं गेलं, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

"चार घास खा," विशाखा म्हणाली.

"आईची पेज आणा."

"ती नाही आणणार मी."

जमिला वळली. "तुम्हाला वाटतं माझ्या आईने विष पाठवलं?"

"नाही गं. मला वाटतं मी ते जास्त घातलं."

"मीच सांगितलं होतं जास्त घाला." असं म्हणून ती रडायला लागली, आणि रडताना पुन्हा दम लागला तशी नर्सने विशाखाला बाहेर काढलं.

घरी जयप्रकाश सोफ्यावर बसून तिची वाट पाहत होता. "परवाच्या दोन सीट कन्फर्म झाल्या," तो म्हणाला. "बॅगा भर."

विशाखा चपला न काढता उभी राहिली. "रद्द करा."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? काल दोन भोंगे झाले. स्वराचा तरी विचार कर!"

"केला. ती म्हणेल तर तिला खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांबरोबर पाठवा, ते त्याच विमानाने चाललेत. मी नाही येत. अहो, ती पोरगी माझ्या हातचं खाऊन तिथे पडलीये. तिचं माणूस येईपर्यंत मला हलता येणार नाही."

स्वरा बाटली हलवत दारात आली. "आय ऍम नॉट गोइंग," ती म्हणाली. "बेबीला कोण धरेल?"

जयप्रकाशने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. तो चिडला होता आणि घाबरलाही होता. तो ओठ चावत होता, आणि त्याचा अर्थ विशाखाला माहीत होता. तो उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने आत आला तेव्हा म्हणाला, "बेडरूमची टेप एका कोपऱ्यात सुटलीये. नवी लावतो." तिकिटांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

विशाखा स्वयंपाकघरात गेली. मीठ नाही, खडा नाही, आणि तरी खाणारीला घरचं वाटलं पाहिजे. पहिला प्रयत्न फसला. नुसती आल्याची पेज केली, ती तिलाच औषधासारखी लागली. मग तिने दादाव्याचा एक गोळा काढला. जमिलाने एकदा म्हटलं होतं की आजी तो निखाऱ्यावर भाजायची. विशाखाने तो तव्यावर कोरडाच भाजला. सगळ्या मजल्यावर वास गेला. पण भाजल्यावर त्याचा उग्रपणा कमी होऊन त्याला तिळाच्या कुटासारखा खमंगपणा आला. तिने तो कुटला, शिजवलेल्या कोंबडीच्या पाण्यात घातला, लाल मिरची, भरपूर कांदा, सुंठ. चाखलं. मीठ कणभरही नव्हतं आणि तरी जिभेला भरल्यासारखं वाटत होतं. वरून कुकाची पूड भुरभुरली तशी आमटीला तार आली. भेंडीची तार मोडायला ती जन्मभर धडपडत आली होती. आज ती चमचा उंच धरून तार कुठवर येते ते बघत होती.

पेजेचा मार्ग स्वतः जमिलानेच दाखवला. आमटीचे चार घास तिने मुकाट्याने खाल्ले, मग वाडग्यात बघत म्हणाली, "रमजानात आजी दुसरी पेज करायची. चिंचेची. तिच्यात कानवा नसतो. आंबट असते."

"चिंचेची? आधी नाही का सांगायचं!"

"ती बाळंतिणीला देत नाहीत."

"देतात. आजपासून."

जमिला पहिल्यांदा किंचित हसली.

चिंचेची पेज तिसऱ्या खेपेला साधली. पहिली पाण्यासारखी झाली, दुसरीच्या गाठी झाल्या. चिंचेचं पाणी लवंग-मिरीबरोबर खळखळून उकळून बाजरीवर एकदम ओतायचं, हळूहळू नाही, हे तिला तेव्हा कळलं. गोडीला तिने खारकेची पूड घातली. ती पेज जमिला वाडगाभर प्यायली. नर्सने बाळाला रोज तिच्याकडे आणायला सांगितलं. चौथ्या दिवशी बाळाने अंगावर ओढायला सुरुवात केली आणि जमिलाच्या गाऊनवर दुधाचे दोन डाग पडले. विशाखाने तोंड फिरवून डोळे पुसले.

सुटका अजून झालेली नव्हती. कानोला फोन करून सांगायचं राहिलं होतं.

बरेच दिवस लाइन मिळत नव्हती. जमिला घरी आल्यावर एका दुपारी अचानक लागली. बदरुद्दीन बोलला, मग त्याने फोन सासूला दिला. जमिला हौसा भाषेत बोलत होती आणि विशाखा समोर बसून तिचा चेहरा वाचत होती. मध्ये "कानवा" हा शब्द आला आणि जमिला थांबली.

"आई विचारते, खडा पुरतोय का?"

"सांग तिला," विशाखा म्हणाली. "खरं ते सांग. मी जास्त घातला, तुला इस्पितळात न्यावं लागलं, आणि मी तो बंद केला. सगळं माझ्या नावावर सांग."

जमिला बोलली. किती आणि कुणाच्या नावावर सांगितलं ते विशाखाला कळलं नाही.   मग म्हातारीने काहीतरी विचारलं. जमिलाने उत्तर दिलं. पुन्हा एक प्रश्न, पुन्हा उत्तर. आणि मग फोनमधून रडणं ऐकू आलं, मोठ्या बाईचं, आवरत नसलेलं रडणं.

विशाखा पुढे सरकली. "काय झालं? रागावली का?"

जमिलाने मान हलवली. फोन कानाशी तसाच धरून ती तुटक तुटक सांगू लागली. "आईने विचारलं, पाय सुजले होते का. मी हो म्हटलं. विचारलं, झोपताना दम लागायचा का. आईला एक धाकटी बहीण होती, आंटी. मी तिला पाहिलेलं नाही. पहिल्या बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली. तिचे पाय असेच सुजले होते. ती बसून झोपायची. सगळे म्हणाले थंडी शरीरात शिरली, ऊब यावी म्हणून तिला पेज वाढवली. आई म्हणते, माझ्याच हाताने मी वाढवत होते."

 विशाखाने फोन हातात घेतला. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं, हिला हौसा येत नव्हती. "आई," ती मराठीतच म्हणाली, "तुमची मुलगी बरी आहे. जेवते. मी आहे." पलीकडून म्हातारी काहीतरी म्हणाली, दोन-चारच शब्द, पुन्हा पुन्हा तेच. विशाखा प्रत्येक वेळी "हो" म्हणत राहिली.

एप्रिलच्या मध्यावर भोंगे बंद झाले आणि विमानं हळूहळू सुरू झाली. बावीस तारखेला बदरुद्दीन सासूला घेऊन आला. उंच, सडपातळ बाई, डोक्याला जांभळं कापड बांधलेलं. तिने आधी नात पाहिली, मग लेकीचे पाय दाबून पाहिले, दोन्ही घोटे, अंगठ्याने. मग विशाखाला जवळ घेतलं. स्वयंपाकघरात तिने चिंचेच्या पेजेचं पातेलं उघडलं, चमचाभर चाखली, आणि लेकीला काहीतरी सांगितलं.

"म्हणते, आजीची याहून आंबट असायची," जमिला म्हणाली.

चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला तिघी तपासणीला गेल्या. बाळ म्हातारीच्या पाठीवर कापडाने बांधलेलं होतं. विशाखाला आदल्या दिवसापासून काही गोड लागत नव्हतं. जमिला जिना चढताना ती मागून तिचे श्वास मोजत होती. ही सवय तिला आता सुटत नव्हती. मशीनवर तपासणी होईपर्यंत ती आणि म्हातारी बाकावर एकमेकींना खेटून बसल्या. म्हातारीच्या हातात जपमाळ होती. विशाखाच्या हातात नुसती पर्स, तीही तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

त्याच इजिप्तच्या डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. हृदय बरंच सुधारलं होतं. औषध अजून सहा महिने, मीठ जपून, आणि दुसऱ्या मुलाचा विचार करायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. नवऱ्याला हे नीट सांगा, असं त्यांनी दोनदा बजावलं.

म्हातारीने लेकीच्या दंडाला हात लावला आणि एक प्रश्न विचारायला सांगितला. जमिलाने तो विचारला, "त्या खड्यामुळेच झालं का?"

विशाखाला तिथून उठून जावंसं वाटलं. पण ती बसून राहिली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "खात्रीने नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "आयुष्यात कधी तो खडा न पाहिलेल्या बायकांनाही हे होतं. आणि तो खाऊन ठणठणीत राहिलेल्याही खूप असतील. त्याने भर पडली हे नक्की. मुळात कशाने झालं, ते मला माहीत नाही. तुम्ही वेळेवर आणलंत, म्हणून ती इथे बसलीये. एवढं मी सांगू शकते."

जमिलाने ते आईला सांगितलं. म्हातारीने ऐकलं, पाठीवरचं बाळ सावरलं आणि उठली. विशाखाला याहून स्पष्ट काहीतरी हवं होतं. हो तरी, नाही तरी. ते तिला त्या दिवशी मिळालं नाही आणि नंतरही मिळालं नाही.

बाहेर ऊन चढलं होतं. बदरुद्दीन गाडी आणायला गेला होता. तिघी सावलीच्या पट्टीत भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"आंटी, मला भूक लागली," जमिला म्हणाली.

"घरी पोचेपर्यंत दम धरशील?"

"धरेन."

"मग चल," विशाखा म्हणाली, आणि गाडी दिसताच पुढे होऊन तिने दार उघडलं.